उंच दाखवली, ठेंगणी दिली

यवतमाळच्या एका शोरूमवाल्याने माझ्या आईला फसवलं. सही माझी होती, पण गाडी तिच्यासाठी होती, म्हणून फसवणूकही तिचीच.

वणीत माझं ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान आहे. आधी दुकानही नव्हतं. राजूरच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक हात दाखवून थांबवायचो आणि ताडपत्र्या विकायचो. त्या ट्रकवाल्यांशी भाव करून मी तयार झालो. गोड बोलणारा भेटला की मला आधी राग येतो.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, ती वॉकर घेऊन चालते. तरी आमच्या जुन्या गाडीत ती स्वतः बसायची. आधी सीटवर टेकायची, मग वरची मूठ धरून एकेक पाय आत घ्यायची. मदतीला कोणी हात पुढे केला तर झिडकारायची. अशीच ती दर चतुर्थीला कळंबला चिंतामणीला जायची. वॉकर मात्र कोणाच्या तरी मांडीवर ठेवावा लागे.

त्याच गाडीचा नवा अवतार आला. नाव जुनंच, पण तीन प्रकारांत: मागून आखूड, डिक्कीवाली आणि उंच. वॉकरसाठी मला डिक्कीवाली हवी होती. शोरूममध्ये उंचच उभी होती.

"डिक्कीवाली कुठी आहे?" मी तिथल्या मॅनेजरला विचारलं.

"येऊन राह्यली काका. तोवर आजीले यात बसवून पाहा. आत सगळं सेम आहे, फक्त पाठ वेगळी."

आई बसली, आरामात. मी मॅनेजरला पुन्हा विचारलं, "दार? छत? सीटची उंची?"

"सेम टू सेम."

मग मी सीट कव्हर फुकट मागितले. हो म्हणाला. मॅट मागितल्या, त्यालाही हो. इतक्या लवकर वाकणारा दुकानदार मी पाहिलेला नाही, आणि तेव्हाच मला शंका आली. पण आई काचेतून बाहेर बघत हसत होती. तिला उतरवून निघून यावं, एवढं मन घट्ट झालं नाही.

डिक्कीवाली मिळाली त्या दिवशी ती झगमगत्या कापडाखाली झाकलेली होती. आमच्या घरात नवी वस्तू हळदीकुंकवाआधी वापरत नाहीत. आईने मला दारसुद्धा उघडू दिलं नाही.

"पूजेआधी कोणी बसायचं नाही, बाबू."

"आजी बरोबर बोलतात," मॅनेजर घाईघाईने म्हणाला. "आधी पूजा, मग सही, मग फोटो. बसायचं सगळ्यात शेवटी!"

कापड निघालं. बॉनेटवर स्वस्तिक झालं, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं आली. जुनी गाडी बदल्यात देऊन मी नवी ताब्यात घेतल्याची सही केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आई मागच्या सीटवर बसायला गेली आणि तिचं कपाळ दाराच्या वरच्या कडेवर आपटलं.

"बाबू, डोकं लागून राह्यलं."

"थोडी वाक."

"वाकता आलं असतं तं वॉकर कायले घेतला असता?"

छत मागे उतरतं होतं, सीट खाली होती. शेवटी शोरूमच्या दोघांनी तिला काखेत धरून आत सरकवलं. ती पदराने कपाळावरचं कुंकू पुसत राहिली.

मी मॅनेजरची कॉलर धरणार होतो. तो टेबलाच्या पलीकडे सरकला आणि म्हणाला, "काका, सही तुमची, पूजा तुमची. आम्ही जबरदस्ती केली का? पूजा झालेली गाडी आता दुसरं कोणी घेते का?"

तेव्हा कळलं. पूजेची घाई त्याला आमच्यापेक्षा जास्त होती. आई बसायच्या आत कापड काढायचं, नारळ फोडायचा आणि सही घ्यायची. सगळं ठरलेलं होतं.

या वेळच्या चतुर्थीला आई म्हणाली, "तूच जाऊन ये. माह्या नावानं हात जोड."

गाडी पुसून दारात उभी आहे. मी शोरूमला रोज फोन करतो. साहेब मीटिंगमध्ये असतात. साहेबांनी मीटिंग संपवून वणीला यावं. फोनवर माफी नको, भेटवस्तू नको. माझ्या आईला कोणाचाही हात न लागता त्या गाडीत बसवून दाखवा. नाही जमलं तर गाडी घेऊन जा, आणि जाण्याआधी तिच्या समोर उभं राहून सांगा की खोटं कोण बोललं.