हार घातलेलं अवजार

चेन्नईतल्या गिंडीच्या आमच्या कारखान्यातले सुपरवायझर जेवतानाही ड्रॉइंग वाचायचे. रक्तदाबाची गोळी खिशातच राहायची. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. आम्ही घरी जा म्हटलं, की म्हणायचे, "एवढं झालं की निघालोच!"

आयुधपूजेला यंत्रांना चंदन-कुंकू लागतं आणि मग दिवसभर त्यांना कुणी हात लावत नाही. त्या दिवशीही हे फाइल उघडून बसलेले. म्हाताऱ्या फिटरने लेथला कुंकू लावलं, ड्रिलला लावलं आणि तेच बोट यांच्या कपाळाला टेकवलं. वर झेंडूचा हार.

"सार, पूजा झालेल्या अवजारानं आज काम करायचं नाही," तो तमिळमध्ये म्हणाला.

यांनी हसत फाइल मिटली. थोड्याच वेळात हारासकट खुर्चीत घोरू लागले. अख्ख्या कारखान्यात तेवढंच एक यंत्र चालू होतं.