एकाचा वाटा

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. वर्गात मित्रसंख्या शिकवायला घेतल्या की मला अजून त्यांचाच आवाज ऐकू येतो.

पहिली दोन वर्षं आमचं जमलंच नाही. मीही काही गरीब गाय नव्हते. लग्नानंतर मी गणिताचं एमएस्सी पुरं करायला घेतलं आणि घरात अबोला सुरू झाला. त्या जासईच्या, उभं आयुष्य पनवेलच्या बाजारात मासळीचे वाटे लावण्यात गेलेलं. घरातही तीच शिस्त. जेवायला जेवढी माणसं हजर, तेवढ्याच तुकड्या रश्शात पडायच्या. मी कॉलेजातून रात्री आठला परतायचे तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा असायचा. माशाचं एवढं नाही, पण या घरच्या मोजणीत आपण नाही, हे फार लागायचं.

सेमिनारला मी मित्रसंख्या निवडल्या होत्या. दोनशे वीसला ज्या लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्यांची बेरीज दोनशे चौऱ्याऐंशी. आणि दोनशे चौऱ्याऐंशीच्या तशाच भाजकांची बेरीज फिरून दोनशे वीस. ही जोडी सगळ्यांनाच ठाऊक. मला शहाणपणा मिरवायचा होता, म्हणून दुसरी जोडी हातानं शोधत होते. सेमिनार उद्यावर आला तरी काही हाती लागेना. अकराशे चौऱ्याऐंशीची बेरीज बाराशे नऊ आली, आणि बाराशे नऊ काही परत फिरेना.

सासूबाई शेजारी बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. बऱ्याच दिवसांनी त्या आपण होऊन बोलल्या.

"काय मांडलंस?"

मी त्रासूनच सांगितलं, "अकराशे चौऱ्याऐंशी बोंबील आहेत असं समजा. सारखे वाटे किती-कितीचे लागतील, ते."

त्यांनी चष्मा चढवला. आकडे त्यांना वाचता यायचे. बोट फिरवत म्हणाल्या, "दोनाचा हाय, चाराचा हाय, आठाचा हाय. एकाचा कुठं हाय?"

"एकाचा कसला वाटा?"

"का नाय? एकटी बाई येते बाजारात. तिला एकच बोंबील लागतो. तिचा वाटा नाय लावायचा?"

मी वही पुढे ओढली. घाईत एक धरायचाच राहिला होता. बाराशे दहा! त्याचे भाजक मांडले, सासूबाईंनी एकेक वाचला, मी बेरीज केली. अकराशे चौऱ्याऐंशी.

मग मीच मुद्दाम छेडलं, "आणि अख्खा ढीग एकीलाच दिला तर?"

"मग त्याला वाटा कोण बोलंल? वाटा म्हंजे दुसऱ्याला कायतरी उरला पायजे."

संख्येचे भाग धरताना ती संख्या स्वतः का वगळायची, असं दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं. मी सासूबाईंचं उत्तर दिलं. सर हसले आणि पुढे जा म्हणाले.

त्या दिवशीही घरी यायला आठ वाजले. सगळे जेवून उठले होते. सासूबाई टीव्हीसमोर होत्या. सेमिनारचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, मान वळवून पाहिलंही नाही. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं. झाकण उचललं तर भात, रस्सा आणि जिताड्याची एक मोठी तुकडी.

दुसऱ्या घासालाच मला रडू फुटलं.

"काटा लागला काय?" त्यांनी तिथूनच विचारलं.

मी हो म्हटलं.