मामाजी म्हणाले फुल चोक, मी लावला मोकळा

मंडळी, आज सकाळी अमरावतीजवळच्या रेंजवर आमच्या नेमबाजी संघाची निवड होती. उडत्या मातीच्या ताटल्या बंदुकीनं फोडायच्या. शेवटच्या जागेसाठी मी आणि अकोल्याची एक मुलगी बरोबरीत आलो. आता एकेक ताटली, जिची हुकेल ती घरी.

सोबत मामाजी, म्हणजे माझे सासरे होते. शिकारबंदीच्या आधी त्यांनी तलावावर बदकं मारलेली. चोक म्हणजे बंदुकीच्या नळीचं तोंड कमी-जास्त आवळणारं नळकांडं. माझ्या नळीला बसवलेला मोकळा चोक पाहून ते म्हणाले, "सूनबाई, फुल चोक लाव. छर्रे एकत्र राह्यतात. बदक दूर गेलं का मंग हाती येत नाई."

"मामाजी, मी ताटलीले दूर जाऊच देत नाई. जवळ मारतो, तं छर्रे पसरलेलेच बरे."

अकोल्याच्या मुलीची ताटली हुकली. मी बारीक छर्ऱ्यांचं काडतूस भरलं. चोक मोकळाच ठेवला. ताटली वर येताच घोडा दाबला आणि तिचा भुगा झाला.

मामाजींनी तिथूनच सासूबाईंना फोन लावला, "अवं, सूनबाईनं मायं ऐकलं नाई, म्हनून जिंकली!"

घरातल्या जाणत्या माणसाचा सल्ला बाजूला ठेवून तुम्ही कधी स्वतःचं खरं केलंय का? सांगा बरं.