वाघिणीचा डावा डोळा

शूर मुलांना मिळणारा राष्ट्रीय पुरस्कार तिला नवव्या वर्षी मिळाला आणि तिथून जे मागे लागलं ते साठीपर्यंत सुटलं नाही. कालव्यात पडलेल्या धाकट्या भावाला तिने सदऱ्याला धरून काठावर ओढलं, एवढीच गोष्ट. पण पदक गळ्यात पडलं, पेपरात फोटो आला. समारंभात कुणीतरी विचारलं, "बाळ, भीती नाही वाटली?" ती "वाटली" म्हणणार, इतक्यात वडीलच छाती फुगवून म्हणाले, "वाघीण आहे आमची, वाघीण!" झालं. तेच नाव पडलं.

खरं सांगायचं तर ही वाघीण पालीला भिते, अंधाराला भिते, कुकरच्या शिट्टीलाही दचकते. पण सांगते कुणाला? घरात उंदीर निघाला की वाघिणीला हाक. सासूबाईंचा दात काढायचा तर आधी वाघिणीने त्या खुर्चीत बसून दाखवायचं. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर नोकरी लागली, तर कीर्ती तिच्याआधी तिथे हजर. एकदा एका खोक्यातून टिकटिक ऐकू आली. पोस्टमास्तरांसकट सगळे रस्त्यावर पळाले आणि खोकं उघडायला राहिली वाघीण. तिची पाचावर धारण बसली होती, तरी बाईंनी सुतळी कापली. आत गजराचं घड्याळ! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिने हसून मान डोलावली आणि मागच्या खोलीत जाऊन पोटभर रडून घेतलं. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. धीटपणाचं येतं, आणि चांगलं जन्मभर पुरतं.

पुरलं असतंही, पण डोळा आडवा आला. उजवा लहानपणापासूनच अधू, सगळी भिस्त डाव्यावर, आणि त्यातच मोतीबिंदू पिकला. एका गावचं पार्सल दुसऱ्या गावाला जाऊ लागलं. डॉक्टरांनी बजावलं, "आता चालढकल केलीत तर नजर गमावून बसाल." ती आधी म्हणाली ऊन फार आहे, मग म्हणाली थंडी फार आहे, मग नातीची परीक्षा आहे. परीक्षा होऊन निकालही लागला. डोळ्याजवळ सुरी येणार या विचारानेच तिला घाम फुटे. घरच्यांना मात्र शंकासुद्धा आली नाही. वाघिणीला कसली भीती? सवड मिळत नाही बिचारीला!

एका रविवारी भाऊ चहाला आला होता. कालव्यातून काढलेला तोच भाऊ. आता डोक्याला टक्कल, पुढे पोट आणि किराण्याचं दुकान. टीव्हीवर यंदाच्या मुलांचे पुरस्कार चालले होते. पेटलेल्या स्वयंपाकघरातून शेजारच्या आजीला बाहेर काढणाऱ्या एका मुलीला कुणीतरी तोच जुना प्रश्न विचारला.

"वाटली की!" मुलगी म्हणाली. "अजून वाटते. गॅस पेटवायला मी आईलाच बोलावते."

सभागृह खळखळून हसलं, टाळ्या वाजल्या. वाघिणीला चित्र धूसर दिसत होतं, पण ऐकू सगळं आलं. त्या मुलीचं पदक कुणी काढून घेतलं नाही. आभाळही कोसळलं नाही. तिला त्या पोरीचा हेवा वाटला, अगदी मनापासून हेवा वाटला.

"मला ऑपरेशनची भीती वाटते रे," ती कपाकडे बघत म्हणाली.

भाऊ बिस्किट बुडवत होता. "ठाऊक आहे मला."

"तुला कसं ठाऊक?"

"ताई, कालव्यात माझ्यापेक्षा मोठ्यांदा तूच रडत होतीस. 'आई गं, आई गं' करत ओढलंस मला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"लोक तुला वाघीण म्हणायचे. मला वाटलं, तुला आवडतं." तेवढ्यात बिस्किटाचा तुकडा चहात पडला. तो चमच्याने काढत म्हणाला, "चल, उद्याच जाऊ. मी येतो."

दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी नर्स तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "आजी, हात किती गार पडलेत! घाबरलात का?"

"हो," वाघीण म्हणाली. "फार."

भावाला नर्सने दाराशीच थांबवलं. तिला टेबलावर आडवं केलं, तोंडावर हिरवं कापड आलं, आणि सगळी सोंगं सोडून ती मोठ्यांदा ओरडली, "आई गं!"

दाराबाहेरून लगेच उत्तर आलं, "आहे गं ताई, इथेच आहे मी."