तळघरातला कोरडा सूर

जिन्याखालचं अरुंद दार उघडलं की आधी वास यायचा: ओल्या दगडाचा, जुन्या कोळशाच्या भुकटीचा आणि वर्षानुवर्षं ऊन न पाहिलेल्या हवेचा. लीड्सच्या एका उतारावर आमचं लाल विटांचं घर होतं, डावी-उजवीकडच्या घरांना खेटून उभं. त्याच्या पोटातलं ते तळघर सहा वर्षं आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यांना आणि नजरेआड करायच्या वस्तूंना देऊन टाकलं होतं.

सासूबाई गेल्या, आणि त्या शरदात माझे सासरे, नाना, सोलापूरहून आमच्याकडे राहायला आले. चाळीस वर्षं त्यांनी पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त केल्या होत्या. बॅगेत कपडे बेताचेच. पण कानशी, पटाशा आणि मऊ चामड्याचे तुकडे त्यांनी जुन्या धोतरात लहान मुलासारखे गुंडाळून आणले होते. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांनी बैठक मांडली. पेटी सुरात लावायची तर एकेक स्वर धरून कितीतरी वेळ ऐकत राहावं लागतं, आणि भिंतीपलीकडची मार्गारेट रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपणारी. एके दुपारी ती दारात येऊन, स्वतःच संकोचत, आवाजाबद्दल बोलली. नानांनी त्याच क्षणी हत्यारं गुंडाळली. केसाएवढा फरक ओळखणारे ते हात मग नोव्हेंबरच्या राखाडी उजेडात मांडीवर नुसते पडून राहू लागले. महिन्याभरात त्यांचा आवाजही क्षीण झाला.

"माझं परतीचं तिकीट बघ," एका सकाळी ते नितीनला म्हणाले.

तेव्हा मी तळघरात त्यांच्यासाठी कामाची खोली करायचा विषय काढला. नितीन, माझा नवरा, व्यवहारी माणूस. त्याने एका इस्टेट एजंटला बोलावलं. तो तुळईखाली मान वाकवून उभा राहिला आणि हसून म्हणाला, की छत ठेंगणं, भिंती पाझरणाऱ्या. घराची किंमत वाढवायची असेल तर माळ्यावर बेडरूम काढा, जमिनीखालच्या खोलीला गिऱ्हाईक भुलत नाही. नितीनला ते पटलं. नानांना तर त्याहून.

"माझ्यापायी घर उकरू नका," ते म्हणाले. "आणि ओलीत पेटी टिकत नाही, मीनल. लाकूड फुगतं, आतल्या सुरांच्या पितळी रीड काळवंडतात."

"टिकली तर राहाल?" मी विचारलं.

त्यांनी धोतरात गुंडाळलेली हत्यारं जवळ ओढली. मी त्यालाच होकार मानलं.

मी हट्ट सोडला नाही, नितीन नाइलाजाने तयार झाला, आणि फेब्रुवारीत कीथ नावाचा यॉर्कशरचा बिल्डर आला. त्याने फरशी उखडून जमीन हातभर खोल नेली, कडेने पाण्याला वाट काढली, कोपऱ्यात पंप बसवला, भिंतींना जाड अस्तर लावून त्यांवर नवा गिलावा दिला, छतात आवाज अडवणारा लोकरीसारखा थर दाबून भरला आणि कोळसा टाकायच्या भोकाच्या जागी एक छोटी खिडकी बसवली. मधल्या काळात जेवणाच्या ताटापर्यंत धूळ पोचली. नितीन आणि मी आठ-आठ दिवस तुटक बोललो. नाना मात्र रोज जिन्याची एकेक पायरी खाली उतरून बसू लागले. कौन्सिलचा इन्स्पेक्टर तपासून गेला त्या दिवशी ते शेवटच्या पायरीवर होते, आणि कीथ त्यांना पंपाचं मर्म हातवाऱ्यांनी समजावत होता.

तरीही त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आपली सर्वांत जुनी पेटी खाली ठेवली आणि पुढचा हिवाळा सरत येईपर्यंत तिला हात लावायचा नाही असं ठरवलं. उन्हाळा गेला, शरद आला तो कोसळतच, रस्त्यांवरून पाणी वाहिलं, पंप दिवसरात्र गुरगुरत राहिला. मग हिवाळा. फेब्रुवारीच्या एका लख्ख सकाळी, छोट्या खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी उतरली असताना, नानांनी भाता उघडला, काळी एक दाबली आणि डोळे मिटले. स्वर निघाला तो निष्कंप, निर्मळ, सोलापूरच्या उन्हात वाळवल्यासारखा कोरडा. एकेक पट्टी दाबत ते शेवटपर्यंत गेले.

"नितीन!" ते इतक्या मोठ्याने ओरडले, की मी वरून धावत गेले. "अरे, एकही रीड सुरातून हललेली नाही!"

मी कडेला उभी राहून मोठ्याने हसले, आणि मग रडले. भिंतीपलीकडे शांतता होती. मार्गारेट निवांत झोपली असावी.

गुरुद्वारातून पहिली पेटी दुरुस्तीला आली, मग नॉटिंगहॅमहून दोन, मग वेम्बलीच्या एका भजनी मंडळाच्या चार. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात नानांनी लावलेली पेटी सभागृहात वाजली, तेव्हा नितीनने माझा हात घट्ट धरला आणि पुटपुटला, "तूच बरोबर होतीस."

त्या वसंतात नानांनी कीथबरोबर जाऊन लाकडाच्या फळ्या आणल्या. भिंतीपासून सुट्या, मध्ये पातळ काटक्या घालून, त्यांनी त्या एकावर एक रचल्या. आता दुरुस्ती पुरे, म्हणाले. एक पेटी स्वतः घडवायची.

"लगेच सुरू करणार?" मी विचारलं.

"छे. आधी लाकूड मुरायला हवं. तीन वर्षं तरी."

ते सहज बोलले आणि खडूने फळीच्या कडेवर महिना लिहू लागले. त्यांना तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं. मी त्या ताज्या लाकडाच्या वासात उभी राहिले, आणि इतकी पुढची वर्षं एखाद्याच्या तोंडून किती साधेपणाने येऊ शकतात, ते ऐकत राहिले.