दुधात भिजवलेली कणीक

हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. देवापुढे बसले की कधीकधी ओठाशी येतं — मग मी आरतीच म्हणायला लागते, जरा मोठ्याने.

रेवा, माझी नात, झाली तेव्हा मी साताऱ्याहून जयपूरला मुलाकडे राहायला आले. तो जगतपुऱ्यात कॉलेजात शिकवतो. सून केतकी इथेच वाढलेली. तिचे वडील फौजेत होते. दर दोन वाक्यांमागे तिचं एक ‘मतलब’ असतंच. गुणाची पोर. आमच्यात सासू-सुनेचं काही होतं असं मनात आणू नका. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं — नाही का?

रेवा दीड महिन्याची असताना तिच्या शीमध्ये रक्ताचे धागे दिसायला लागले. गाल लालबुंद, पाय पोटाशी घेऊन रडणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला गाई-म्हशीचं दूध सोसत नाही, आणि आईनं खाल्लेलं आईच्या दुधातून उतरतं. म्हणजे आईनं दूध, दही, तूप, पनीर सगळं सोडायचं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाळंतिणीनं दूध-तूप सोडायचं? मग बाळाला पाजायचं काय, वारा?

केतकीनं त्याच दिवशी सोडलं. चहासुद्धा कोरा. एक वही केली — कधी काय खाल्लं, मग बाळाची शी कशी झाली. महिन्याभरात तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. आणि मी...

आमच्याकडे प्रवासाला दशमी देतात. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, बाकी सगळं पोळीसारखंच. दिसायला पोळीच, थोडी मऊ. तिच्या वाट्याची कणीक मी दुधात भिजवायला लागले. रोज. ती आवडीनं खायची, म्हणायची, आई, तुमच्या हातची रोटी किती सॉफ्ट. मग वहीत लिहायची — रोटी, दोन.

बाळाचं काही थांबेना. केतकीनं डाळ सोडली. मग अंडं. मग शेंगदाणे. शेवटी ताटात भात, टिंड्याची भाजी आणि माझी पोळी एवढंच उरलं. लक्षात येतंय ना तुमच्या? एक सोडून सगळं सोडलं तिनं. माझ्या पोळीवर तिनं शंका घेतली नाही.

इथवर कुणी अडाणीपणा म्हणेल. म्हातारी आहे, माया केली, चुकली. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं.

पण मग भाचीचं लग्न निघालं. मी पंधरा दिवस साताऱ्याला गेले. पोळ्या करायला संतोष यायची — इकडे बायकांचंही नाव असतं हे. दहाव्या दिवशी केतकीनं व्हिडिओ कॉल केला आणि डायपरच दाखवला मला. ‘बघा ना आई, मतलब एकदम साफ!’ किती दिवसांनी हसत होती ती. मीही हसले. पण कळलं मला. त्या क्षणी, लख्ख कळलं.

परत आले. दोन दिवस पाण्यात कणीक भिजवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधात.

का? स्वतःला विचारून थकले. बघावं म्हणून? बघायचं काय राहिलं होतं? मला फक्त ते माझ्यामुळे झालेलं नको होतं. दूध घालूनही बाळ बरं राहिलं, तर मी सुटले — एवढंच डोक्यात होतं. त्यासाठी चार महिन्यांचं पोर पणाला लावलं मी. दूध परातीत ओतताना हात थरथरला नाही. हेही लिहायलाच हवं.

चौथ्या दिवशी रक्त आलं, आधीपेक्षा जास्त. केतकी वही घेऊन जमिनीवर बसली, एकेका ओळीवर बोट ठेवत. ‘मी काय खाल्लं, आई? क्या खाया मैंने?’

मी गॅसपाशी उभी होते. म्हणाले, ‘बघ बाई, काहीतरी गेलं असेल तुझ्या तोंडात.’

दूध मी लपवलं होतं. हे वाक्य मात्र तोंडानं बोलले.

अंगावरचं बंद करा, असं मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. खास पावडरीचं दूध आलं. केतकीची छाती आठवडाभर दगडासारखी झाली होती, कुर्ते भिजायचे. बाटली मीच द्यायचे. बाळ तिच्या आवाजाकडे मान वळवायचं, म्हणून ती दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. रेवा बरी झाली. सगळे समजले ते समजलेच — बाळाला आईचंच दूध सोसत नव्हतं. कणीक त्या दिवसापासून मी पाण्यात भिजवते.

रेवा आता सहा वर्षांची आहे. वयानुसार तिचं ते गेलं, आता दही मागून खाते. केतकीला आठवा महिना लागलाय. परवा आम्ही दोघी रेवाची जुनी झबली घडी करत होतो. ती म्हणाली, ‘ह्या वेळी मी पाजणारच नाही, आई. पहिल्या दिवसापासून डब्याचं दूध. माझं दूधच खराब आहे ना.’ अगदी शांतपणे म्हणाली, आज नळाला पाणी नाही म्हणावं तसं.

हातभर अंतरावर होती ती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, ‘तुला बरं वाटेल तसं कर.’ आणि पुढचं झबलं उचललं.

हे मी मराठीत लिहिते आहे. केतकी अक्षरं लावते, पण अर्ध्या पानात कंटाळते, बाजूला ठेवते. पेन हातात घेतलं तेव्हाच मला हे माहीत होतं.