दुसरं बटण तिसऱ्या काजात

माझ्या काकांनी अडतीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढले. खोलीएवढा स्टुडिओ, दाराआड खुंटीवर एक काळा कोट, गाठ मारून तयार ठेवलेले दोन टाय आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. दोरी अशासाठी, की लोक कंगवासुद्धा सोडत नाहीत. समोर कुणीही बसलं की काका आधी त्याची कॉलर सरळ करायचे, बाकीचं नंतर. पुढे लोक मोबाइलवरच फोटो काढायला लागले, स्टुडिओ बंद झाला, आणि काका दिवसभर घरातले पडदे सारखे करत बसू लागले. काकू मला म्हणाली, "ह्यांना कुठेतरी घेऊन जा गं, नाहीतर मी तरी जाते."

मीच त्यांना कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरवलं. नाक्यावरच्या लाँड्रीवाल्याने दर रविवारी दुकानाच्या काचेत एक मोठा फोटो लावायचं कबूल केलं होतं. माणूस आपल्याच वस्तीतला, त्याच्या स्वतःच्या ढंगात. पण जित्याची खोड! गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली पँट घातलेल्या तरुणाला काकांनी जवळचा शिंपी कुठे बसतो ते समजावलं. एकाच कानात लांब डूल घातलेली मुलगी थांबली, तर "दुसरा पडला वाटतं," म्हणत हे रस्त्यावर वाकून शोधायलाच लागले. ती बिचारीही दोन मिनिटं शोधत होती. पहिले चार फोटो बघून लाँड्रीवाला म्हणाला, "काका, हे सगळे व्हिसाच्या रांगेत उभे असल्यासारखे दिसतात हो." मी हसले आणि दोन दिवसांचा अबोला ओढवून घेतला.

पाचव्या आठवड्यात ती बाई दिसली. सत्तरीची, ताठ, गडद निळा लांब कोट, गळ्याशी पिवळा रुमाल. चालणं असं, की समोरच्यानेच बाजूला व्हावं. फक्त कोटाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलेलं आणि तिथून खाली सगळा कोट तिरका. काकांनी विचारून तीन फोटो काढले आणि चौथ्याआधी हात पुढे केला. "ताई, एवढं बटण..."

"हात लावू नका!"

पलीकडचा भाजीवाला वळून बघायला लागला, तेव्हा तिचं तिलाच कसंतरी वाटलं. आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यांनी लावलंय ते. आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे, केसाएवढे स्क्रू बसवायचे. आता हात थरथरतात, जवळचं धूसर दिसतं. रोज सकाळी माझ्या कोटाची बटणं लावतात, पंधरा मिनिटं लागतात. बाकी सगळं मीच त्यांचं करते. माझ्यासाठी ते करतात असं हे एवढंच उरलंय. चुकतं, हे त्यांना माहीत नाही; लावून झालं की मी लगेच बाहेर पडते."

"मग जिना उतरल्यावर नीट का नाही करत?" मी अक्कल पाजळली.

"त्यांनी लावलेलं मी सोडू?" ती माझ्याकडून काकांकडे वळली. मग तिने विचारलं, "हा फोटो लागणार कुठे?"

काकांनी लाँड्रीकडे बोट केलं. तिचा चेहरा उतरला. संध्याकाळी दोघं त्याच रस्त्याने फिरायला जात. लांबचं त्यांना स्वच्छ दिसायचं; एवढ्या मोठ्या फोटोत तो तिरका कोट त्यांना दिसला असता. "उद्यापासून म्हणतील, तुझं तूच लाव. पुन्हा हात लावणार नाहीत. स्वभाव ओळखून आहे मी."

काकांच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो होता. मी कॅमेऱ्यात बघितला होता ना! माझ्यादेखत त्यांनी तिन्ही फोटो पुसून टाकले. माझा अगदी जळफळाट झाला. ते मात्र तिला शांतपणे विचारत होते, "ताई, सकाळी किती वाजता लावतात बटणं?"

दुसऱ्या दिवशी आठ वाजता आम्ही त्यांच्याकडे गेलो. खिडकीशी घड्याळांचं जुनं टेबल, त्यावर आता औषधांच्या बाटल्या. आजोबा खुर्चीत बसले, ती पुढ्यात किंचित वाकून उभी राहिली. काका त्यांच्या पाठीमागे गेले आणि जवळजवळ सगळा वेळ नुसते उभे राहिले; फोटो काढला तो एकच. शेवटचं बटण लागल्यावर आजोबांनी मान वळवली. "तुम्ही फोटोवाले, तुमची नजर तयार. नीट लागलीत ना?"

माझ्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाला ताटकळत ठेवून नवऱ्याची कॉलर सरळ करणारा हा माणूस!

"अगदी नीट," काका म्हणाले. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांच्यासारखा काका मला मिळाला, याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी फोटो लागला. खाली पांढऱ्या केसांचं डोकं पाठमोरं, एक खांदा, आणि त्यावर तिचा चेहरा. बटण एकही नाही. संध्याकाळी आम्ही लाँड्रीत बसलो होतो, तेव्हा ती दोघं आली. आजोबा काचेपासून चार पावलं मागे सरून थांबले ते हलेचनात. ती त्यांचा दंड धरून आमच्याकडे घाबरून बघत होती. शेवटी काका बाहेर गेले. "काही चुकलं का?"

"नाही हो," आजोबा म्हणाले. "ही अशी बघते माझ्याकडे? रोज? मला कधी कळलंच नाही. मी आपला बटणांकडे बघत असतो."